वाचकांचे प्रश्न : नेटिव्ह प्रोग्रॅमवर नजर कशी ठेवावी?

प्रश्न : डॉटनेट ८ वर लिहिलेली आमची एक सेवा लिनक्सवर चालते. ती लवकर सुरू व्हावी म्हणून आम्ही अलीकडे ती नेटिव्ह एओटी पद्धतीने (म्हणजे कोड आधीच मशीनच्या भाषेत बदलून) पब्लिश केली. तेव्हापासून डॉटनेट-काउंटर्स या देखरेखीच्या साधनाला पीएस ही प्रोसेसची यादी देणारी कमांड दिली की बाकीच्या प्रोसेस दिसतात, पण ही दिसत नाही. प्रोसेस आयडी हाताने दिला तरी जोडणी होत नाही. हे साधन नेटिव्ह प्रोग्रॅमवर चालतच नाही का?

उत्तर : चालते, पण त्यासाठी लागणारा कोड तुमच्या एक्झिक्युटेबलमध्ये असावा लागतो आणि बहुधा तोच तुमच्या बिल्डमध्ये आलेला नाही. डॉटनेटची ही साधने चालू प्रोसेसशी एका डायग्नोस्टिक पोर्टमार्फत बोलतात. लिनक्सवर हे पोर्ट म्हणजे टेम्प फोल्डरमध्ये तयार होणारी एक सॉकेट फाइल असते आणि तिच्या नावात प्रोसेस आयडी असतो; विंडोजवर त्याच कामासाठी नेम्ड पाइप वापरला जातो. नेहमीच्या जिट पद्धतीत (जिथे कोड प्रोग्रॅम चालू असताना मशीनच्या भाषेत बदलतो) रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा डॉटनेटचा भाग, पूर्णच्या पूर्ण हजर असल्यामुळे हे पोर्ट आपोआप उघडते. नेटिव्ह एओटीमध्ये मात्र जे लागणार नाही ते सगळे पब्लिश करतानाच छाटले जाते, आणि डॉटनेट ८ मध्ये या साधनांना माहिती पुरवणारा इव्हेंटपाइप हा भाग, तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय, या छाटणीतून वाचत नाही. (डॉटनेट ७ मध्ये तर नेटिव्ह प्रोग्रॅमसाठी ही सोयच नव्हती.)

प्रोजेक्ट फाइलमध्ये जिथे पब्लिशएओटी लिहिले आहे, त्याच्याच खाली इव्हेंटसोर्ससपोर्ट या प्रॉपर्टीची किंमत ट्रू ठेवा आणि सेवा पुन्हा पब्लिश करा. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला ही सोय बाहेरून जोडता येत नाही, म्हणून हा निर्णय अडचण येण्यापूर्वी घ्यावा लागतो. फाइलचा आकार यामुळे काहीसा वाढतो. तरीही सर्व्हरवर अखंड चालणाऱ्या सेवेत ही प्रॉपर्टी चालूच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षणभर चालून बंद होणाऱ्या छोट्या कमांडला तिची गरज नसते.

नवे बिल्ड टाकूनही प्रोसेस दिसली नाही, तर तीन गोष्टी तपासा. साधन आणि सेवा एकाच युजरखाली चालत आहेत का? दोघांची टीएमपीडीआयआर ही व्हेरिएबल एकाच फोल्डरकडे बोट दाखवते का? सेवा कंटेनरमध्ये असेल आणि साधन बाहेर, तर ते फोल्डर दोघांना सामायिक करून दिले आहे का? यांपैकी एकही गोष्ट चुकली की सॉकेट फाइल साधनाच्या नजरेस पडत नाही. डॉटनेट_एनेबलडायग्नोस्टिक्स ही व्हेरिएबल कोणी शून्य करून ठेवलेली नाही ना, हेही एकदा पाहून घ्या.

प्रश्न : जोडणी झाली. सेवेची मेमरी मात्र हळूहळू वाढताना दिसते. हीपचे (ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीचे) चित्र घ्यायला डॉटनेट-जीसीडंप वापरले, पण ते चालले नाही.

उत्तर : ते चालणार नाही. नेटिव्ह एओटीमध्ये मॅनेज्ड हीपचे (डॉटनेट स्वतः सांभाळते त्या हीपचे) विश्लेषण करण्याची सोय नाही, त्यामुळे इथे दोन टप्प्यांत काम करावे लागते. आधी डॉटनेट-काउंटर्सची मॉनिटर कमांड चालू ठेवून जीसी हीपचा आकार (जीसी म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट काढून मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर) आणि वर्किंग सेट (प्रोसेसने व्यापलेली प्रत्यक्ष मेमरी) हे दोन आकडे बराच वेळ शेजारी शेजारी पाहा. हीप चढतो आणि कलेक्शन झाल्यावर खाली येतो, हे स्वाभाविक आहे. पाहायचे असते ते, खाली आल्यावर तो कुठे थांबतो. तो तळ दर वेळी वर सरकत असेल, तर तुमचाच कोड ऑब्जेक्ट धरून ठेवत आहे. तळ स्थिर असून वर्किंग सेट मात्र वाढत असेल, तर संशय नेटिव्ह लायब्ररीने घेतलेल्या मेमरीवर घ्यावा. स्क्रीनसमोर बसून राहण्यापेक्षा कलेक्ट कमांडने हे आकडे सीएसव्ही फाइलमध्ये साठवलेले बरे. (जिट झालेल्या मेथड्सचा आकडा शून्यावरच राहिलेला दिसेल, इथे जिट नसल्यामुळे ते बरोबरच आहे.)

दोष हीपमध्ये आहे असे ठरले, की तोच सोर्स जिट पद्धतीने बिल्ड करा, चाचणीच्या मशीनवर त्याला तसाच भार द्या आणि जीसीडंप तिथे घ्या. कोणता ऑब्जेक्ट कोणी धरून ठेवायचा हे तुमच्या कोडवर ठरते, त्यामुळे गळती दोन्ही बिल्डमध्ये सहसा एकाच जागी सापडते.

प्रश्न : सीपीयू कुठे खर्च होतो हे पाहण्यासाठी डॉटनेट-ट्रेस वापरावे का?

उत्तर : त्या कामासाठी नको. जीसीसारख्या घटनांची नोंद डॉटनेट-ट्रेस घेते, पण सीपीयूचे नमुने घेणारा त्याचा सॅम्पल प्रोफायलर नेटिव्ह एओटीमध्ये उपलब्ध नाही. लिनक्सवर पर्फ हे लिनक्सचेच मोजमापाचे साधन वापरा. जिट प्रोग्रॅममधल्या मेथड्सची नावे पर्फला कळावीत म्हणून पर्फमॅपची वेगळी व्हेरिएबल लावावी लागते. नेटिव्ह प्रोग्रॅमला तिची गरज नाही, कारण पर्फच्या दृष्टीने तो इतर कोणत्याही नेटिव्ह एक्झिक्युटेबलसारखाच असतो.

तरीही नावांऐवजी नुसते पत्ते दिसले, तर सिम्बॉल फाइल (कोणत्या पत्त्यावर कोणती मेथड आहे हे सांगणारी) शोधा. डॉटनेट ८ पासून लिनक्सवर सिम्बॉल्स आपोआप वेगळे काढून डॉट डीबीजी फाइलमध्ये ठेवले जातात, आणि सर्व्हरवर फक्त एक्झिक्युटेबल नेताना ही फाइल बहुतेक वेळा मागेच राहते. ती एक्झिक्युटेबलच्या शेजारी ठेवून अहवाल पुन्हा काढा. फाइल नेमकी त्याच बिल्डची हवी. सोर्स तोच असला तरी नंतर केलेल्या बिल्डच्या फाइलवर विसंबू नये. म्हणून प्रत्येक प्रकाशित आवृत्तीची डीबीजी फाइल आवृत्ती क्रमांकासह जपून ठेवा.