बोटीवरचे दिवस: काकूंना आलेली पत्रं

गेल्या अंकात एका भगिनीने जवसाची चटणी किती दिवस टिकते ते विचारलं होतं. उत्तर देताना ओघात मी लिहून गेले, की माझी चटणी मुंबईहून बोटीने आफ्रिकेला पोचली तरी खवट झाली नव्हती. या महिन्यात पत्रं आली ती सगळी त्या बोटीबद्दल. तेव्हा स्वयंपाकाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

काकू, दारव्ह्याकडच्या खेड्यातून तुम्ही आफ्रिकेला कशा काय गेलात? बोट कोणती होती? भीती नाही वाटली? (बारावीतली विद्यार्थिनी, आर्णी)

बाळा, गेले ते कापसामुळे. आमच्या घरचे जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. तेव्हा युगांडात कापूस भरपूर पिकायचा आणि तिथले बरेच जिन गुजराती शेठ लोकांचे होते. जिनाचा चामडी रोलर घासून सुरीशी बरोबर भिडवता येणारा माणूस त्यांना हवाच असायचा. मुंबईच्या एका दलालामार्फत यांना बोलावणं आलं. हे पुढे गेले आणि 1965 साली ऑगस्टात मी मागून निघाले.

दारव्ह्याहून आपली शकुंतला, ती छोटी रेल्वेगाडी, पकडली. कारंजा गेलं, मूर्तिजापूरला उतरून मुंबईची मोठी गाडी धरली. बोटीचं नाव होतं 'करंजा'. सासूबाई महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या, "सून करंजानं जाते," आणि बाया म्हणायच्या, "मंग त त्येच्यात काय, सांजच्यालोक वापस येईन!"

'करंजा' ब्रिटिश इंडिया कंपनीची. तिची जोडीण 'कंपाला'. दोघी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच बांधलेल्या. मुंबईहून सेशेल्स, मोंबासा, दार-ए-सलाम आणि तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली, असा त्यांचा ठरलेला रस्ता. माझं तिकीट सगळ्यात खालच्या वर्गाचं. जाण्याआधी देवीची आणि पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागली. त्याचं पिवळं पुस्तक मी पोलक्यात शिवलेल्या खिशात ठेवलं होतं, कारण ते हरवलं तर पलीकडे उतरू देत नाहीत असं दलालाने बजावलं होतं.

भीतीचं विचारतेस. बॅलार्ड पिअरवर बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा पोटात गोळा आला, हे खरं. यांच्याखेरीज माझ्या माहेरी सासरी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. निघताना आई म्हणाली होती, "पान्यात कशी रायशीन व माय?" पण बोटीवर गेल्यावर घाबरायला सवडच मिळाली नाही. डेकवर शेजारी एक कच्छी भाभी होती, तिच्या तीन फेऱ्या झालेल्या. पहिल्याच संध्याकाळी तिने मला सतरंजी कुठे टाकायची ते शिकवलं: जिन्याच्या तोंडाशी नाही, नळाच्या खाली नाही आणि धुराड्याच्या वाऱ्याकडे तर मुळीच नाही. रात्री ती मला स्वाहिली आकडे शिकवायची. मोजा, मबिली, टाटू. मोंबासा येईपर्यंत मला बाजार करण्यापुरती भाषा आली होती.

पहाटे खलाशी डेक धुवायला यायचे. मोठा पाइप, काथ्याचे ब्रश आणि "पानी, पानी!" अशी आरोळी. झोपलेली सगळी बायकामाणसं अंथरूण गुंडाळून उभी राहायची, पायाखालून खारं पाणी वाहत जायचं. एकदा त्या पाण्यात उडता मासा सापडला. रात्री उडून डेकवर पडला असेल. रत्नागिरीकडच्या एका वयस्क खलाशाने तो उचलून माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांनी त्याचा पंख उलगडला. पातळ, ओला, आरपार दिसणारा, आत काड्या. त्याने पंख सोडला की तो आपोआप मिटायचा. माझ्यासाठी त्याने तो पुन्हा पुन्हा उघडून दाखवला आणि मग मासा घेऊन हसत भंडाऱ्याकडे, म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्याकडे, गेला.

सेशेल्सला तेव्हा विमानतळ नव्हता. तो 1971 साली झाला. तोवर तिथल्या लोकांचं टपाल, सामान, पाहुणे, सगळं बोटीनेच यायचं. त्यामुळे बोट दिसली की होड्यांची गर्दी व्हायची. होडीवाले दर्याचा नारळ विकायला आणायचे, दोन फाळी असलेला, काळा, चांगलाच जड. तो पाहून मी चकित झाले. आमच्या गावच्या उरुसाला येणाऱ्या फकिराच्या हातात जे काळं भिक्षापात्र असायचं ते याच नारळाच्या करवंटीचं! लहानपणापासून पाहिलेली वस्तू कुठल्या बेटावर झाडाला लागते, ते मला तिथे कळलं. या प्रवासात मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असं विचारशील, तर त्या क्षणाचा.

माझ्या मुलाला जहाजावर नोकरी लागते आहे. पण त्याला एसटीतसुद्धा उलटी होते. बोट लागण्यावर काही उपाय आहे का? (एक शेतकरी, मेहकर)

भाऊ, पहिल्यांदा हे सांगते की एसटी लागणाऱ्या माणसाला बोट कायमची लागेलच असं नाही. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो मेंदूला सांगतो, आपण हलतोय. खोलीत बसलं की डोळे सांगतात, सगळं जागेवर आहे. या दोघांचं जमत नाही तोवर पोट ढवळतं. म्हणून मोकळ्यावर यायचं आणि जिथे आभाळ पाण्याला टेकतं ती रेघ पाहत राहायचं.

मी ऐन पावसाळ्यात गेले. जो नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडे मृगाचा पाऊस आणतो, तोच अरबी समुद्र घुसळून काढतो, आणि मुंबईहून आफ्रिकेला जाणारी बोट नेमकी त्याच्या तोंडावर जाते. कुलाब्याचा प्राँग्ज दीपगृह मागे पडला आणि बोटीचं नाक वर जायला लागलं. वर गेलं की क्षणभर थांबायचं, मग खाली. सगळं डेक आडवं झालं. त्याच खलाशाने सांगितलेलं आजही पटतं: पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं खायचं, नाकाकडे किंवा शेपटाकडे बसायचं नाही, बोटीच्या मध्यावर आणि आडवं व्हायचं तर जमेल तितकं खालच्या मजल्यावर राहायचं, कारण झोका टोकांना सगळ्यात मोठा असतो. मी फुटाणे, मुरमुरे आणि आल्याचा तुकडा यावर दिवस काढले. विषुववृत्त जवळ आलं तसा समुद्र नरमला.

मोठ्या प्रवासी बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे आडवे पंख असतात. बोट कलली की ते वळतात आणि तिला उलट दाबतात. पी अँड ओ कंपनीच्या 'चुसान'वर ते 1950 साली बसवले होते. बोट आडवी डोलते ते या पंखांनी पुष्कळ कमी होतं. नाक वर-खाली होतं त्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. मुलाला पाठवा. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्या, काहींनी झोप येते आणि यंत्राजवळ झोप परवडत नाही.

आपल्या भागातली आणखी कोण मोठी माणसं बोटीने गेली होती? (वाचनालयाचे कार्यवाह, मोर्शी)

तेव्हा दुसरी वाटच नव्हती. तुमच्या जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख 1920 साली शिकायला विलायतेला गेले ते बोटीनेच. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले 1936 साली; त्याआधी 29 ऑगस्ट 1931 ला 'राजपुताना' बोटीने ते गोलमेज परिषदेला गेले होते. आणि बाबासाहेब 1917 साली लंडनहून परत आले तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवलेली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. ज्या माणसाने उपाशी राहून पुस्तकं जमवली त्याची पुस्तकं अशी गेली, हे वाचलं की आजही जीव तुटतो.

समुद्रावर बोट बुडण्याचा किंवा वादळाचा अनुभव आला का? सगळ्यात वाईट प्रवास कोणता? (शिक्षक, पुसद)

बुडण्याचा नाही आला. पण आमच्या वेळी डेकवर 'दारा'चं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे. तीही ब्रिटिश इंडियाची, मुंबई आणि आखाताच्या मार्गावरची. 8 एप्रिल 1961 ला दुबईजवळ तिच्यावर स्फोट झाला, आग लागली आणि 238 माणसं गेली. त्यामुळे बुडू न देणारं लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते दाखवायला अधिकारी आला की कच्छी भाभी मला कोपराने ढोसायची आणि नीट पाहायला लावायची.

सर, माझा सगळ्यात वाईट प्रवास झाला तेव्हा पाण्यावर लाट नव्हती.

4 ऑगस्ट 1972 ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने जाहीर केलं की आशियाई लोकांनी 90 दिवसांत युगांडा सोडायचा. आम्ही म्बालेजवळ राहत होतो, मुलगी तिथेच जन्मलेली. जिन बंद झाला, शेठ लंडनला गेला. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी टोरोरोहून गाडीत बसलो. हद्दीआधी शिपायांनी पेट्या उलट्या केल्या. यांचं घड्याळ, रेडिओ, माझे कानातले गेले. केनियात कोणाला उतरू देत नव्हते, गाडीने थेट मोंबासाच्या किलिंदिनी बंदरात आणून सोडलं.

परतीच्या त्या बोटीचं नाव मी लिहीत नाही. माणसं होती तिच्या ताकदीबाहेर. गोड्या पाण्याचे नळ सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ. खालच्या मजल्यावरचा पंखा बंद. मुलीला ताप आला तेव्हा दवाखान्याच्या दाराला कडी होती आणि ज्याच्याकडे चौकशी करावी तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. मी लुगड्याचा पदर खाऱ्या पाण्यात भिजवून तिच्या कपाळावर ठेवत राहिले, मिठाने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या. ताप उतरला तो आपणहून.

आणि बाहेर समुद्र ताटासारखा सपाट. त्या दिवसांत ईशान्येचा मंद वारा असतो. पहिल्या वेळी लाटांनी जीव काढला तरी लोक एकमेकांना लिंबू देत होते, गाणी म्हणत होते. या वेळी डेकवर माणसं बसायची आणि बोलायची नाहीत. बोटीवर काम नसतं, सगळा दिवस मोकळा असतो. जाताना त्या मोकळ्या दिवसांत मी नव्या घराची मांडणी करत होते. येताना त्याच मोकळ्या दिवसांत प्रत्येक जण काय काय मागे राहिलं ते मोजत बसला होता, आणि ते मोजणं थांबवायला दळण, धुणं, पाणी असं काहीच हाताशी नव्हतं.

एक बाई होती, राजकोटकडची. तिने शिलाई मशिनचं नुसतं वरचं डोकं आणलं होतं. खालचा सांगाडा, पायटा, सगळं मागे. ते डोकं गोधडीत गुंडाळून ती मांडीवर घेऊन बसायची. तिच्या नवऱ्याला शिपायांनी मारलं होतं, तो कोणाकडे पाहत नसे. मग एके सकाळी तिने आमची रिकामी पेटी मागून घेतली, तिच्यावर मशीन ठेवली आणि एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने कापड सरकवत माझ्या मुलीचा फाटलेला फ्रॉक शिवून दिला. दुपारपर्यंत तिच्यापुढे रांग लागली. झडतीत उसवलेली अस्तरं, तुटलेले बंद, कोणाच्या पिशवीचा पट्टा. आमचे हे मशिनचं चाक फिरवायला बसले, म्हणजे तिला दोन्ही हात मोकळे. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने आपणहून दोरा ओवून दिला. पैसे तिने कोणाकडून घेतले नाहीत. घ्यायला कोणाकडे होतेही कुठे!

मुंबईला उतरलो तेव्हा गर्दीत तिची चुकामूक झाली. तिचा पत्ता घेतला नाही याची रुखरुख अजून आहे.

आम्ही दोघं निवृत्त आहोत. आयुष्यात एकदा मोठ्या बोटीने जायचं आहे. आज ते शक्य आहे का? (एक जोडपं, देवळी)

अगदी शक्य आहे, आणि जाच. एका बंदरातून दुसऱ्या बंदराला महासागर ओलांडून नेणारी जुन्या तऱ्हेची बोट आज जगात एकच उरली आहे, 'क्वीन मेरी 2'. ती 2004 पासून इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये चालते. बाकीच्या मोठ्या दिसतात त्या फिरवून आणणाऱ्या क्रूझ बोटी. त्यांची बांधणी वेगळी, कारण त्यांना हिवाळ्यातला अटलांटिक ओलांडायचा नसतो.

पण तुमच्या-माझ्या खिशाला परवडेल अशी बोट म्हणजे अंदमानची. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून पोर्ट ब्लेअरला (आताचं नाव श्री विजयपुरम) सरकारी बोटी जातात. चेन्नईहून साधारण अडीच-तीन दिवस लागतात. आमची 'करंजा'सुद्धा 1976 साली भारतीय कंपनीने विकत घेतली आणि 'नानकौरी' नावाने याच अंदमानच्या मार्गावर चालवली. ते कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

नागपूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत. जानेवारी ते मार्च हा काळ धरा. पावसाळ्यात जाऊ नका आणि ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. बोटींच्या तारखा फार आधी जाहीर होत नाहीत, वेळही पुढे-मागे होते, म्हणून परतीच्या रेल्वेचं तिकीट दोन-तीन दिवस हातचे राखून काढा. सगळ्यात स्वस्त वर्ग बंकचा. त्यात एका मोठ्या दालनात पुष्कळ जण झोपतात आणि संडास सामाईक असतात. वहिनींचे गुडघे दुखत असतील तर पैसे थोडे जास्त द्या आणि केबिन घ्या. अंधार पडल्यावर मात्र केबिनमध्ये बसून राहू नका, दोघं डेकवर या. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, आणि बोटीवर चढल्याबरोबर दवाखाना कुठे आहे आणि तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, ते विचारून घ्या.