विस्थापितांना माहितीपट जरूर दाखवा, पण नंतरची चर्चा मोबाइलमध्ये घेऊ नका

तुमची पोस्ट दुपारी वाचली, रात्री परत उघडून वाचली. कृष्णाकाठचं गाव, २०१९च्या पुरानंतर वर सरकलेली वस्ती, तिथं पर्यावरण आणि विस्थापनावरचे जगभरचे चार माहितीपट दाखवायचे. मग लोकांना बोलतं करायचं, ते मोबाइलवर घ्यायचं आणि यूट्यूबवर टाकायचं, 'म्हणजे आपल्या माणसांचा आवाज बाहेर जाईल'. तुम्ही विचारलंय ते एवढंच, की प्रोजेक्टर कुठला घ्यावा आणि चित्रपट कुठले. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर याबद्दल वर तिघांनी लिहिलंय, ते बरोबरच आहे. मला तुमच्या त्या यूट्यूबच्या ओळीबद्दल बोलायचंय. अगदी याच कल्पनेनं मी दहा वर्षांपूर्वी एका वस्तीचं नुकसान केलं.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्याकडे हिडकल धरणात गेलेल्या गावांच्या वसाहती आहेत. धरण १९७७ साली पुरं झालं, म्हणजे ज्यांनी स्वतः घर सोडलं ती माणसं आता पिकली पानं. माझ्या वर्गात त्यांची नातवंडं असायची. शाळेच्या पटांगणात उन्हाळ्यात चित्रपट दाखवायची माझी जुनी हौस. २०१६च्या फेब्रुवारीत मी 'अप द यांग्त्से' दाखवायचं ठरवलं. यंग चँग या कॅनडातल्या चिनी वंशाच्या दिग्दर्शकाचा हा २००७चा माहितीपट आहे. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणानं सुमारे १३ लाख माणसं हलवली. त्यातल्या एका गरीब कुटुंबाची मुलगी पुढं शिकायचं सोडून पर्यटकांच्या बोटीवर भांडी घासायला जाते, आणि खाली तिच्या आईबापाच्या झोपडीपर्यंत पाणी चढत येतं, अशी गोष्ट.

इंग्रजी उपशीर्षकं वाचणारं तिथं कोण? म्हणून मी आधी घरी थांबत थांबत सगळा पाहिला, दोनशे पानी वहीत एकेक संवाद मराठीत उतरवला, आणि माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं समोरच्या पानावर कन्नड लिहिलं. पटांगणात आम्ही दोघं माइक घेऊन बसलो. आधी मी, मग तो. दहा मिनिटांत लोकांना सवय झाली.

त्यात एक प्रसंग आहे. बाप घरातलं कपाट पाठीवर बांधून चढण चढतो. कोणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. तेव्हा पुढच्या ओळीतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी जातं असंच आणलं होतं की ओ बाई!" मग झोपडी हळूहळू पाण्याखाली जाते, तेव्हा त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, हुन्नूरच्या विठ्ठलाच्या पायऱ्या. पाणी फार खाली गेलं की धरणातलं ते जुनं देऊळ उघडं पडतं. त्या वर्षी किती पायऱ्या दिसतील याचा त्या हिशेब करत होत्या.

चित्रपट संपल्यावर कोणी घरी जाईना. साडेदहा वाजून गेले तरी माणसं बोलत होती. एरवी विचारलं तर "काय सांगायचं, झालं गेलं" म्हणणारी माणसं नावानिशी, गट नंबरासकट बोलायला लागली. तुम्ही हा चित्रपट दाखवाल तेव्हा तुमच्याकडेही असंच होईल. परक्या देशातलं आपल्यासारखं दुःख दिसलं की माणूस सैल होतो. आणि मी ते सगळं टिपून घेतलं. जवळजवळ दोन तास.

मला ते इतकं मोलाचं वाटलं की त्यातला बारा मिनिटांचा तुकडा काढून मी आठवड्याभरात इंटरनेटवर टाकला. त्यात एक काका बोलले होते. मोबदला किती कमी मिळाला, बदल्यात मिळालेली जमीन किती खडकाळ निघाली हे सांगता सांगता ते सहज म्हणाले, "पाणी उतरलं की आम्ही गाळपेर करतो, जोंधळा, हरभरा घेतो, खालनं मोटार लावून पाणी ओढतो, म्हणून जगलोय." गाळपेर म्हणजे धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी. एवढं एकच वाक्य. मला त्यात त्यांची जिद्द दिसली. त्यांच्याकडे मोटारीची परवानगी नाही, हे ते भर कॅमेऱ्यासमोर सांगतायत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पंधरा दिवसांत एका कचेरीतून माणसं आली आणि दोन मोटारी उचलून घेऊन गेली, स्टार्टरच्या पेटीसकट. हरभरा फुलात होता.

तरीही मी इथं जी सगळ्यात मोठी चूक म्हणतेय ती ही नव्हे. ती पुढची.

मी त्या कचेरीत गेले. एकदा नाही, सहा वेळा. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज कन्नडमध्ये द्या. दिला. मग साहेब दौऱ्यावर. मग फाइल दुसऱ्या टेबलावर. चौथ्या खेपेला तिथल्या एकानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि माझाच व्हिडिओ लावला, बरोबर त्या वाक्यावर थांबवून. "बाई, हा पुरावा तुम्हीच दिलाय, आता आम्ही काय करणार?" मी म्हटलं, हे एक वाक्य तोडून पाहू नका, आधी काय बोलले ते ऐका, किती नुकसान सोसलंय ते ऐका. तो शांतपणे म्हणाला, मग पूर्ण रेकॉर्डिंग आणून द्या, साहेब बघतील.

मी दिलं. पेन ड्राइव्हमध्ये, दोन तासांचं सगळं, काहीही न कापता. मला वाटलं, पूर्ण ऐकल्यावर कुठल्याही माणसाला पाझर फुटेल. आम्ही शिक्षक माणसं, समजावून सांगितलं की समोरच्याला कळतं यावर आमचा विश्वास. त्या दोन तासांत आणखी चौघांनी आपापल्या मोटारीबद्दल, गाळपेरीबद्दल बोललेलं होतं. महिन्याभरात त्या चौघांना नोटिसा आल्या.

काकांच्या मोटारी पावसाळ्यानंतर परत मिळाल्या, दंड भरून. दंडातले निम्मे पैसे मी दिले. त्यांनी घ्यायला नको म्हटलं, मी त्यांच्या सुनेच्या हातात ठेवून आले. हरभरा तर गेलाच. व्हिडिओ मी लगेच काढून टाकला होता, पण तोवर तो व्हॉट्सॲपवर कुठं कुठं फिरला होता. त्या वसाहतीतली माणसं पुढची चार वर्षं शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला आली नाहीत. भांडली नाहीत, नुसती आली नाहीत. काका बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "सिनेमा चांगला होता ओ बाई. बोलायलाच नको होतं आम्ही." त्यांनी चूक स्वतःकडे घेतली, हे मला आजही सहन होत नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

गाळपेर बेकायदा आहे की नाही, परवाना कोण देतं, यावर इथं वाद नको. मी वकील नाही, आणि ठिकाणागणिक नियम वेगळे. माझं म्हणणं वेगळं आहे. विस्थापित माणूस ज्या फटीत जगतो ती फट कायद्याच्या कडेला असते. कुणाची दुसऱ्याच्या नावावरची जमीन, कुणाचं दोन ठिकाणचं रेशनकार्ड, कुणाचं पूरग्रस्तांच्या यादीत भावाच्या नावावर मिळालेलं घर. मोकळेपणानं बोलायला लागला की तो हेच बोलणार, कारण त्याचं जगणं तेच आहे. तुमच्या वस्तीत तर घराच्या नुकसानीच्या याद्या अजून लोकांच्या तोंडात असतील. कोणाचं नाव आलं, कोणाचं गळलं, कोणी कसं घालून घेतलं. हे तुमच्या मोबाइलमध्ये कशाला हवं?

ही गोष्ट एकट्या माझ्या खेड्यातली नाही. ह्यूबर्ट झाउपर यांचा 'डार्विन्स नाइटमेअर' हा २००४चा माहितीपट टांझानियातल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या माशांच्या धंद्यावर आहे. तो जगभर गाजला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. २००६मध्ये टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच्यावर जाहीर टीका केली, आणि चित्रपटात बोललेल्या एका स्थानिक पत्रकाराला सरकारी जाच सोसावा लागला. दिग्दर्शक युरोपात होता. जो बोलला तो तिथंच राहत होता.

संमतीपत्र घ्या असा सल्ला वर एकानं दिलाय. माफ करा, मला पटत नाही. या लोकांच्या बापजाद्यांनी भूसंपादनाच्या कागदांवर न वाचता अंगठे दिलेत. तुम्ही कागद पुढं केला की ते एकतर घाबरतील, नाहीतर "बाई म्हणतायत ना" म्हणून सही करतील. दोन्हीला संमती म्हणत नाहीत.

मग काय करायचं? चर्चा होऊ द्या, मोबाइल खिशात ठेवा, आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगा की इथलं कोणी काही टिपणार नाही. तरुण पोरं मागे उभी राहून आपले फोन वर करतील, त्यांना आधीच हात जोडून सांगा. अगदीच कुणाचं बोलणं जगापुढं जावं असं वाटलं, तर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या घरी जा, ओट्यावर बसा, काय सांगायचं आणि काय नाही ते त्यांनाच ठरवू द्या, आणि घेतलेलं सगळ्यात आधी त्यांच्या घरातल्या शिकलेल्या पोरीला दाखवा. ती म्हणेल ते कापा. ब्राझीलच्या रोंडोनियातला 'द टेरिटरी' (२०२२) हा माहितीपट यासाठीच बघा. कोरोनाच्या महासाथीत बाहेरच्या लोकांना जंगलात जाता येईना, तेव्हा तिथल्या उरु-एउ-वाउ-वाउ आदिवासींनी स्वतः कॅमेरे हातात घेतले. काय दाखवायचं याची सूत्रं त्यांच्याकडं गेली आणि चित्रपटाचा नूरच बदलला.

आता चित्रपटांबद्दल. ही माझी मतं, दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. पहिल्याच दिवशी धरण किंवा पूर दाखवू नका. 'हनीलँड'नं सुरुवात करा. उत्तर मॅसेडोनियातल्या डोंगरात एकटी राहून रानमधमाश्या सांभाळणारी हतीजे, तिची अंथरुणाला खिळलेली आई, आणि शेजारी येऊन पडलेलं, हाव सुटलेलं कुटुंब. ती मध काढताना निम्मा मधमाश्यांना ठेवते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ती बोलते ती तुर्की बोली दिग्दर्शकांनाही कळत नव्हती, म्हणून त्यांनी संकलन आधी नुसत्या चित्रांवर केलं. त्यामुळे उपशीर्षकं वाचली नाहीत तरी गोष्ट समजते. बायका फार आवडीनं बघतात.

'नर्मदा डायरी' (आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू, १९९५) ही नर्मदेवरच्या धरणाविरुद्धच्या आंदोलनाची फिल्म मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, पण ज्यांचं सगळं आधीच गेलंय त्यांना ती पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे ती बघून एक गृहस्थ रात्रभर झोपले नाहीत. "त्यांनी एवढं केलं, आम्ही का गप्प बसलो?" एवढंच म्हणत राहिले. यांग्त्सेचा चित्रपट तुमच्याकडे तिसरा ठेवा, आणि त्या रात्री कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाचा विषय निघणार हे धरून चाला. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायच्या वादात बागलकोटचा माणूस वेगळं बोलतो, कोल्हापूर-सांगलीचा वेगळं, आणि तुमच्या वस्तीत दोन्हीकडचे सोयरे बसलेले असतील. तुम्ही मध्ये पडू नका, बोलू द्या.

आणखी एक, 'माहितीपटाला सेन्सॉर नसतो' असं तुम्ही लिहिलंय ते चूक आहे. १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा, म्हणजे सेन्सॉरचा कायदा, जाहीर प्रदर्शनाला लागू होतो, माहितीपटालाही. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांचा सर्वोच्च न्यायालयातला १९७०चा गाजलेला खटला एका छोट्या माहितीपटावरूनच झाला होता. तसंच ओटीटीच्या घरच्या वर्गणीवर दिसणारा चित्रपट गावाला दाखवायची मुभा त्या वर्गणीत नसते. निर्मात्याला साधं पत्र पाठवा, गाव कुठलं, माणसं किती, तिकीट नाही, हे लिहा. मला दोनदा फुकट परवानगी मिळालीय. तुमच्या ठिकाणी नेमकं काय लागेल ते एखाद्या माहीतगार वकिलाला विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

फलक दोन्ही भाषांत लावा आणि कन्नड वर लिहा. नाहीतर सगळी संध्याकाळ फलकाच्या भाषेवरच्या वादातच जाते, हे सीमाभागात राहणाऱ्याला मी काय सांगू. डेअरीला दूध घालून लोक परतल्याशिवाय सुरू करू नका. आणि ऊसतोडणी जोरात असताना ठेवू नका, पुरुष येत नाहीत, आणि ज्या टोळ्या तोडायला आल्यात त्यांनाही बोलवायचं राहून जातं. खरं तर ते सगळ्यांत जास्त विस्थापित. पण तो विषय काढला तर हे उत्तर संपायचं नाही.

त्या आजी गेल्या वर्षी वारल्या. त्याआधी एकदा शाळेच्या फाटकाशी थांबून त्यांनी मला विचारलं होतं, ती बोटीवरची पोरगी पुढं शिकली का? मला नीट सांगता आलं नाही.

यांग्त्सेची ती वही माझ्याकडे अजून आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, माझ्या विद्यार्थ्याचं अक्षर सुवाच्य आहे. तुम्ही तो चित्रपट नक्की करणार असाल तर कळवा, झेरॉक्स काढून अथणीच्या एसटीनं पाठवते. वाचायला दोघं लागतील, त्यातली एक बाई असू द्या, मुलीचे संवाद बाईच्या आवाजात बरे वाटतात.