फ्यूज उडायचा थांबला, पण बोर्ड तापतोय!

प्रश्न : आमचं साताऱ्याचं घर आजोबांनी बांधलेलं, वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचंच आहे. बाथरूममध्ये गीझर चालू असताना कोणी इस्त्री लावली की फ्यूज उडायचा. मागच्या महिन्यात वायरमनने जाड तार टाकून दिली, तेव्हापासून फ्यूज उडत नाही, पण बोर्ड हाताला गरम लागतो आणि कधीकधी जळका वास येतो. आई म्हणते जुनं घर आहे, चालायचंच. त्याच वायरमनला परत बोलवू का?

उत्तर : आईंना सांगा, हे चालायचं नाही. वास आला म्हणजे वायरचं प्लास्टिक किंवा सॉकेट भाजतंय, आजच गीझर बंद करा आणि पाणी गॅसवर तापवा.

आता हिशेब बघा. गीझर २००० वॅटचा धरला तर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर, इस्त्री १००० वॅटची म्हणजे सव्वाचार, झाले १३, त्यात कोणी मिक्सर लावला की १५. आणि जुन्या घरात हे सगळं बहुतेक वेळा दिव्या-पंख्याच्या लायनीवरच असतं, गीझरची मोठी पिन कन्व्हर्टर लावून ५ अँपिअरच्या छोट्या सॉकेटात खुपसलेली असते (तुमच्याकडेही असणार, बघा जाऊन). पूर्वी या लायनीवर दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ एवढंच चालायचं, त्यात वायरिंगचा दोष नाही. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, आणि फ्यूज उडायचा तो वायर वाचवायलाच. जाड तार टाकून तुमच्या वायरमनने भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं.

तर आधी मेन स्विच बंद करून फ्यूजमध्ये योग्य मापाची तार परत घालून घ्या, ती पुन्हा उडायला लागली तर रागावू नका. मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून गीझरसाठी मेन बोर्डापासून वेगळी कॉपरची लाईन ओढून घ्या, अडीच किंवा चार स्क्वेअर एमएमची, तिला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). जुनी वायर अॅल्युमिनियमची असेल तर तिला कॉपर नुसतं पिळून जोडू देऊ नका, तो सांधा हळूहळू सैल होतो आणि तिथेच तापतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पण बसवा, शॉक लागू नये म्हणून, पण ती ओव्हरलोडला काही करत नाही हं, लोक इथे फसतात. अर्थिंग आहे का तेही तपासून घ्या, पट्टीवरच्या वायरिंगला बऱ्याचदा ते नसतंच. पुढे एसी घ्यायचा विचार असेल तर लाईटबिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघून महावितरणकडे वाढवून घ्या.

आणि तो वायरमन? त्याला एवढंच विचारा, ही तार किती अँपिअरची घातलीस. गप्प बसला तर दुसरा शोधा.