घोषवाक्याची मालकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बास्केटबॉलचे माजी प्रशिक्षक पॅट रायली यांनी अमेरिकेत 'थ्री-पीट' (सलग तिसरं विजेतेपद) या शब्दाची नोंदणी केली आहे म्हणे. मग समालोचकाने तो उच्चारला तर पैसे मोजावे लागतात का? (वाचक, पुणे)

उत्तर : अजिबात नाही. बोलायला किंवा बातमीत छापायला परवानगी लागत नाही. ट्रेडमार्क शब्दावर नसतो, त्या शब्दाने विकल्या जाणाऱ्या मालावर असतो. रायली तेव्हा प्रशिक्षक असलेल्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाने १९८७ आणि १९८८ साली विजेतेपद मिळवल्यावर रायली यांच्या कंपनीने अर्ज केला, तो शर्ट, जाकिटं आणि टोप्यांसाठी. १९८९ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सने लेकर्सना ४-० असं लोळवलं, तरी नोंदणी शाबूत राहिली. १९९३ मध्ये शिकागो बुल्सने सलग तिसऱ्यांदा बाजी मारली आणि त्या कपड्यांची रॉयल्टी रायलींना मिळाली. प्रतिस्पर्धी संघ जिंकला तरी मालक तोच!

प्रश्न : भाचा न्यू जर्सीत क्रिकेट क्लब चालवतो. क्लबच्या घोषवाक्याचे टी-शर्ट काढून तिथे नोंदणी करायची आहे. अर्ज कुठे अडतो? (वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा छातीवर. घोषवाक्य छातीभर मोठ्या अक्षरांत छापलं की तपासनीस त्याला नुसती सजावट समजतो आणि अर्ज परत येतो. तेच शब्द मानेच्या आतल्या लेबलवर, किमतीच्या टॅगवर किंवा खिशाच्या जागी छोटे घ्यावेत. तिथे गिऱ्हाईक उत्पादकाचं नाव शोधतं. पुरावा म्हणून विक्रीतल्या खऱ्या शर्टाचा फोटो द्यावा, संगणकावर जुळवलेलं चित्र चालत नाही.

दुसरी अडचण म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले शब्द. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सच्या कंपनीचा 'टॅको ट्यूसडे'साठीचा (मंगळवारी टॅको हा मेक्सिकन पदार्थ खाण्याच्या प्रथेचं नाव) अर्ज २०१९ मध्ये याच कारणाने नाकारला गेला. जिवंत खेळाडूचं नाव गुंफलेलं असेल तर त्याची लेखी संमती जोडावी लागते.

अर्ज माल किंवा सेवेच्या ठरलेल्या वर्गात करावा लागतो : कपड्यांचा वर्ग २५, सामने आणि प्रशिक्षणाचा ४१. जानेवारी २०२५ पासून मूळ फी प्रत्येक वर्गाला ३५० डॉलर आहे. माल अजून बाजारात नसेल तर 'वापरण्याचा हेतू' दाखवून अर्ज करावा. तपासणीनंतर अर्ज प्रसिद्ध झाला की इतरांच्या हरकतींसाठी ३० दिवस असतात. मग मंजुरीची सूचना येते. तेव्हापासून वापराचा पुरावा द्यायला सहा महिने मिळतात. मुदतवाढी घेत ते ३६ महिन्यांपर्यंत नेता येतं. ही मुदत टळली की अर्ज रद्द होतो, म्हणून तारीख लिहून ठेवा. नोंदणीनंतर पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान वापराचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

प्रश्न : भारतात हे होतं का? (वाचक, मडगाव)

उत्तर : होतं. टीएम-ए अर्ज ऑनलाइन भरल्यास व्यक्तीला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. ट्रेडमार्क जर्नलमध्ये (नोंदणी कार्यालयाच्या पत्रिकेत) आल्यावर हरकतीला चार महिने असतात. धोनीचा 'कॅप्टन कूल'चा अर्ज जून २०२५ मध्ये तिथे प्रसिद्ध झाला होता, वर्ग ४१ मध्ये. नोंदणी मिळेपर्यंत 'टीएम' लावा. गोलातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) आधी लावणं दंडनीय आहे.