वाचक विचारतात : भात्यांवर चालणारं विमान

प्रश्न : परदेशातल्या एका विमानसंग्रहालयात आखूड पंख लावलेली निळी लाकडी पेटी पाहिली. फलकावर ‘लिंक ट्रेनर’ आणि साल, एवढंच होतं. जमिनीवरच्या या पेटीत बसून वैमानिक काय शिकायचे? आणि ती चालू करून का दाखवत नाहीत?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बाहेर काही दिसत नसताना विमान कसं चालवायचं, ते शिकायचे. ढगात शिरलं की क्षितिज जातं, आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय फसवायला लागतं. विमान एकाच गतीनं वळत राहिलं तर दहा-वीस सेकंदांत कानातल्या नलिकांमधला द्रवही नलिकांच्या वेगानं फिरू लागतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटतं. वळण थांबवलं की उलट बाजूला वळल्याचा भास होतो. वैमानिक तो भास सुधारायला जातो आणि पुन्हा पहिल्याच वळणात शिरतो. कानावर नाही, उपकरणांवर भरवसा ठेवायची सवय लागावी म्हणून या पेटीला झाकण होतं. ते ओढून घेतलं की आत फक्त उपकरणांच्या तबकड्या आणि विमान वळवायचा दांडा उरायचा.

एडविन लिंक यांनी ती १९२९ साली अमेरिकेत बिंगहॅमटन इथे तयार केली. सुरुवातीची गिऱ्हाइकं करमणुकीच्या बागांची. १९३४मध्ये अमेरिकी लष्कराकडे विमानटपालाचं काम आलं, हिवाळी हवेत एकामागून एक अपघात होऊन डझनभर वैमानिक गेले, आणि मग लष्करानं सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या १०,०००हून जास्त बनल्या.

खरी गंमत पेटीच्या खाली आहे. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता, तिथलीच विद्या इथे आली. आपल्या हार्मोनियमचा भाता हवा ढकलतो. संगीत नाटकांतला पायाचा ऑर्गन मात्र हवा ओढून घेऊन वाजतो. लिंकची पेटी ऑर्गनच्या जातीची. तळातला विजेवरचा पंप हवा खेचत राहतो. पेटी मधोमध एका सांध्यावर तोललेली असते आणि खाली चार भाते असतात. दांडा उजवीकडे कलवला की झडपेतली भोकं जुळतात, उजव्या भात्यातली हवा खेचली जाते, डाव्यात बाहेरची हवा शिरते. उजवा मिटतो, डावा फुगतो, पेटी उजवीकडे झुकते. गोल फिरवायला दहा छोट्या भात्यांची वेगळी मोटर असते. विमानाचा वेग फार कमी झाला की जी थरथर होते, तिच्यासाठी आणखी भाते.

शिक्षक शेजारच्या टेबलावर बसायचा. टेबलावर नकाशा, त्यावर तीन चाकांचं छोटं यंत्र. त्याला ‘क्रॅब’ म्हणत. दोन चाकं मोटरवर चालायची, तिसरं शाईचं. शिकाऊ वैमानिक कुठून कुठे ‘उडाला’ याची रेघ नकाशावर उमटायची. झाकणाखालच्याला ती दिसत नसे. पुढच्या वेळी संग्रहालयात हे टेबल आवर्जून शोधा. टेबलाविना पेटी म्हणजे अर्धीच वस्तू.

चालू का करत नाहीत, तर भात्यांमुळे. कापडावरचं रबर वयानं कडक होतं आणि घडीच्या कोपऱ्यांत तडकतं. एक भाता गळू लागला की त्याचा जोर कमी पडतो आणि पेटी दांड्याला नीट दाद देत नाही. इथे साबणाचा फेस लावून गळती शोधू नये. हवा आत ओढली जात असल्यानं बुडबुडा येतच नाही, उलट ओल आत जाते. भाता सुटा करून मिटवावा, भोकावर बोट दाबावं आणि हलकेच ओढून बघावं. चांगला भाता उघडायला नकार देतो, गळका सावकाश उघडत जातो. नवं कापड बसवायचं तर गरम सरसानं चिकटवावं. सरस कोमट पाण्यानं सुटतो. सुतारकामाचा पांढरा गोंद लाकडात मुरला की पुढच्या दुरुस्तीत लाकूडच निघून येतं. पण कापड बदललं की मूळ वस्तू तेवढी कमी होते. त्यामुळे पेटी बंद ठेवण्याचा निर्णय आम्हाला बरोबर वाटतो.

प्रश्न : दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात प्रशिक्षणाच्या दृष्टीनं काय पाहावं?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : एचटी-२ आणि व्हँपायर टी-५५ ही वैमानिकांना शिकवण्याची विमानं पाहा, आणि दोन्हींच्या बैठका ताडून बघा. एचटी-२मध्ये एकामागे एक, व्हँपायरमध्ये शेजारी-शेजारी. शेजारी बसलेल्या शिक्षकाला शिष्याचे हात आणि नजर दोन्ही दिसतात. मागेपुढे बसल्यावर ते दिसणं अवघड. एचटी-२ हे देशातच आरेखन होऊन उत्पादनात गेलेलं पहिलं विमान. त्याचं आरेखन डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि ऑगस्ट १९५१मध्ये ते पहिल्यांदा उडालं.

प्रश्न : आजोबांच्या सामानात विमानाचा जुना उंचीमापक सापडला. आकडे तपकिरी पडलेत, अंधारात चमकत नाहीत. उघडून साफ करावा का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : अजिबात उघडू नका. त्या काळच्या तबकड्यांवर अनेकदा रेडियमचा रंग असे. चमक जाते ती त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड खराब झाल्यामुळे. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच आहे. मुख्य धोका सुटलेल्या रंगाच्या पुडीचा, ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. काच शाबूत असेल तर उपकरण हवेशीर कपाटात, झोपण्याच्या खोलीपासून दूर आणि मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. काच फुटलेली असेल तर हातमोजे घालून एकात एक अशा दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करा, जागा ओल्या फडक्यानं टिपा (केरसुणी नको, पुडी उडते), फडकंही त्याच पिशवीत टाका आणि हात साबणानं धुवा. भंगारात देऊ नका. मुंबईत अणुशक्तीनगरला परमाणु ऊर्जा नियामक मंडळ आहे. त्यांना तबकडीचा फोटो आणि मागच्या बाजूचा क्रमांक पाठवून विचारा.