तीस-तीस रुग्ण पुरतील का?

वाचक विचारतात : रुग्णालयातले संशोधन आणि संख्याशास्त्र

प्रश्न : घोणस चावलेल्या रुग्णांत एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या प्रतिविषाच्या) दोन मात्रांची तुलना, असा माझा थीसिस आहे. सिनियर म्हणतात, प्रत्येक गटात तीस घे, सगळे तेवढेच घेतात. पुरतील का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : मोजायचे काय, ते आधी ठरवा. समजा, मूत्रपिंडाला इजा होते की नाही हे पाहायचे आहे. एका मात्रेत ती शंभरातल्या २० जणांना होते आणि दुसरीत १० जणांना व्हावी, अशी अपेक्षा आहे. हा फरक ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर शंभरातल्या ८० अभ्यासांत तो सापडावा) आणि ५ टक्के पातळीवर (फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची चूक शंभरात पाचच) पकडायला प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. तीस-तीस घेतले तर एकीकडे सहा आणि दुसरीकडे तीन जणांना इजा दिसेल. म्हणजे अपेक्षेइतका फरक हाती येऊनही पी व्हॅल्यू (फरक मुळात नसताना एवढा किंवा जास्त दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आसपास फिरकत नाही आणि थीसिसच्या शेवटी ‘दोन्ही मात्रा सारख्याच’ असे छापून येते. प्रत्यक्षात तेवढ्या आकड्यांवरून काहीच कळलेले नसते.

फरक २० वरून १५ एवढाच अपेक्षित असेल तर गटामागे सुमारे ९०० रुग्ण लागतात. फरक निम्मा झाला की रुग्ण चौपटीहून जास्त वाढतात. उलट हिमोग्लोबिनसारखे मोजमाप असेल, प्रमाण विचलन (माणसामाणसांतल्या चढउताराचे माप) १.५ ग्रॅम असेल आणि १ ग्रॅमचा फरक शोधायचा असेल, तर छत्तीस-छत्तीस रुग्णांत भागते. तीस हा आकडा कधी पुरतो, कधी अजिबात नाही. त्याला स्वतःचा असा काही आधार नाही.

संख्याशास्त्रज्ञाकडे जाताना तीन आकडे सोबत न्या : सध्याच्या उपचारात इजेचे प्रमाण, किती फरक पडला तर तुम्ही उपचार बदलाल, आणि वॉर्डच्या रजिस्टरनुसार महिन्याला असे किती रुग्ण येतात. मधला आकडा संख्याशास्त्रज्ञ तुम्हाला देऊ शकत नाही, तो डॉक्टरनेच द्यायचा असतो. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. ४०० रुग्ण थीसिसच्या मुदतीत मिळणार नसतील, तर मुख्य मोजमाप बदला (उदाहरणार्थ, विषामुळे न गोठणारे रक्त पुन्हा गोठू लागायला लागलेले तास) किंवा दुसऱ्या रुग्णालयाला सोबत घ्या.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या एका रुग्णालयासोबत असाच अभ्यास करणार आहोत. दोन्हीकडचा डेटा शेवटी एकत्र केला तर चालेल ना?
– फिजिशियन, कराड

उत्तर : शेवटी एकत्र करायचा असेल तर सुरुवातीलाच जुळवावा लागतो. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणीच घ्या. दोन मिली रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग एकदाच कलते करून पाहायचे. एका केंद्रात प्लास्टिकची नळी वापरली किंवा काचेची नळी साबणाने धुऊन घेतली, तर विष न भिनलेल्या माणसाचे रक्तही गोठायचे राहू शकते. तक्त्यात मात्र त्या केंद्राचे रुग्ण जास्त गंभीर वाटतात, आणि ही चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. म्हणून आधी काही रुग्णांची चाचणी दोन्हीकडच्या माणसांनी वेगवेगळी वाचावी आणि कापा (योगायोगाने जुळलेले वगळून उरणाऱ्या एकमताचे माप) काढून एकमत किती आहे ते पाहावे.

क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) एककही एकच ठेवा. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. ते केव्हा मोजायचे तेही लिहून ठेवा : ‘दाखल झाल्यापासून ७२ तासांनी’, ‘राऊंडला जमेल तेव्हा’ नव्हे. एकाच माणसाचे मोजमापसुद्धा रोज थोडे हलतेच. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आहाराच्या गरजेबाबत हाच मुद्दा लावून धरला होता.

रॅन्डमायझेशनची (कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे चिठ्ठीसारखे ठरवण्याची) यादी प्रत्येक केंद्रासाठी वेगळी हवी. ब्लॉक (ज्यात दोन्ही गटांना सारखेच रुग्ण मिळतात असा तुकडा) चारचा आणि सहाचा, मिसळून वापरा. सगळे ब्लॉक चारचेच असले आणि कोणाला काय दिले हे उघड असले, तर तीन रुग्ण झाले की चौथा कोणत्या गटात जाणार ते रेसिडेंटला कळते आणि ‘जरा बरा’ रुग्ण तिथे सरकतो. पाकिटे अपारदर्शक आणि अनुक्रमांकाची असावीत. रुग्णाचे नाव पाकिटावर लिहिल्यानंतरच ते फोडायचे. यादी रुग्ण भरती करणाऱ्याच्या कपाटात नको.

सीटीआरआयची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

प्रश्न : आमचे बरेच रुग्ण ऊसतोड मजूर आहेत. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ते बीडकडे निघून जातात आणि तीन महिन्यांच्या तपासणीला येत नाहीत. त्यांना यादीतून काढावे का?
– रिसर्च को-ऑर्डिनेटर, सांगली

उत्तर : काढू नका. जो ज्या गटात पडला, त्याचा हिशेब त्याच गटात. गेलेले आणि राहिलेले सारखे नसतात : बरे झालेले लवकर गावी जातात, आजारी इथल्याच दवाखान्यात अडकतात. गेलेल्यांना वगळले की उपचार आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो. तेव्हा फेब्रुवारीत भरती झालेल्याची तीन महिन्यांची तपासणी इथे होणारच नाही, हे आराखड्यातच धरा. फोनवरची तपासणी आणि त्यांच्या गावाजवळच्या प्रयोगशाळेतले क्रिएटिनिन याची सोय आधीच एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. मुकादमाचा नंबर उपयोगी पडतो, पण तो घ्यायला आणि त्यावर फोन करायला रुग्णाची संमती हवी. आजाराबद्दल मुकादमाशी एक शब्दही बोलू नये. दहा टक्के गळती धरली तर २०० च्या जागी २२२ घ्या. २०० ला ०.९ ने भागायचे असते, म्हणून २२० नाही.

प्रश्न : आम्ही दिलेली एक्सेल शीट संख्याशास्त्रज्ञाने परत पाठवली. काय चुकले असेल?
– इंटर्न, सातारा

उत्तर : बहुधा हे : वयाच्या रकान्यात ‘४५ वर्षे’, रक्तदाब ‘१३०/८०’ एकाच चौकटीत, ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च याचा पत्ता नाही, आणि मृत रुग्ण लाल रंगाने दाखवलेले. रंग सॉफ्टवेअर वाचत नाही, त्यासाठी वेगळा रकाना करा. एका रुग्णाला एक ओळ, एका गोष्टीला एक रकाना. माहिती नसेल तिथे शून्य टाकू नका, चौकट रिकामी सोडा. नाव आणि फोन नंबर काढून फक्त अभ्यास क्रमांक ठेवा. रुग्ण आणि क्रमांक यांची जोडयादी तुमच्या विभागात कुलपात राहील.