वाचकांचे प्रश्न: स्वतःवर उलटणारी प्रतिकारशक्ती आणि परका अवयव

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत असून पुढे रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करण्याची इच्छा आहे. या क्षेत्रातील अनेक संशोधकांच्या परिचयात ‘ऑटोइम्यून विकार आणि अवयव प्रत्यारोपण’ असा जोड उल्लेख आढळतो. पहिल्यात शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटते, तर दुसऱ्यात बाहेरून आलेला अवयव नाकारते. मग एकाच व्यक्तीने दोन्हींवर काम करण्याचे कारण काय, आणि मी सुरुवात कोणत्या बाजूने करावी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: तुम्हाला जे दोन विषय दिसतात, ते प्रयोगशाळेत एकच प्रश्न बनून समोर येतात: संरक्षक पेशी एखाद्या ऊतीला सोसायला कशा शिकतात? ऑटोइम्यून विकारात हे सोसणे मोडलेले असते आणि ते पुन्हा बसवायचे असते. प्रत्यारोपणात ते मुळातच नसते आणि नव्याने घडवायचे असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी ग्लासगो येथे शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांच्यासह भाजलेल्या एका स्त्रीवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे बसवून पाहिले. पहिले तुकडे काही दिवसांनी नष्ट झाले, पण दुसऱ्यांदा बसवलेले त्याहून लवकर गेले. याचा अर्थ शरीराने पहिल्या खेपेची आठवण ठेवली होती, आणि आठवण ठेवणे हा तर प्रतिकारशक्तीचाच गुण. पुढे 1945 मध्ये रे ओवेन यांना असे आढळले की गर्भाशयात एकमेकांशी रक्तप्रवाह जोडला गेलेल्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही सुखाने नांदतात. या निरीक्षणाला प्रयोगाचा आधार 1953 मध्ये मिळाला: मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या, तेव्हा ते उंदीर मोठे झाल्यावर त्याच वाणाची त्वचा स्वीकारू लागले. सहिष्णुता, म्हणजे हे सोसणे, शिकवता येते, हे या प्रयोगाने दाखवले. मेडावार आणि बर्नेट यांना 1960 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विचारासाठी.

दुसऱ्या बाजूला, शरीर स्वतःला इजा करू देणार नाही, हे पॉल एर्लिख यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मत दीर्घकाळ प्रभावी राहिले. ते डळमळले 1956 मध्ये: रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना थायरॉइडचाच अर्क टोचून त्यांच्या थायरॉइडला दाह निर्माण केला, आणि त्याच वर्षी हाशिमोटो या थायरॉइडच्या विकाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे (हल्ल्याच्या लक्ष्याला चिकटणारी प्रथिने) सापडली.

हे दोन प्रवाह सर्वांत स्पष्टपणे एकत्र आले ते शिमॉन साकागुची यांच्या 1995 च्या शोधनिबंधात. पृष्ठभागावर सीडी25 हे चिन्ह असलेल्या टी-पेशी (एक प्रकारच्या संरक्षक पांढऱ्या रक्तपेशी) वगळून उरलेल्या पेशी उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांना ऑटोइम्यून विकार जडले आणि परक्या त्वचेविरुद्धची त्यांची प्रतिक्रियाही तीव्र झाली. सहिष्णुता म्हणजे नुसता प्रतिक्रियेचा अभाव नव्हे, तिच्यावर जागता पहारा असतो, हे यातून कळते. साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना 2025 मध्ये या पहारेकरी पेशींबद्दल नोबेल मिळाले.

औषधांचा प्रवासही याच वाटेने झाला आहे, आणि मला स्वतःला तोच सर्वांत आशादायक वाटतो. टी-पेशींवरील सीडी3 या रेणूला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला 1986 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती प्रत्यारोपित मूत्रपिंड नाकारले जाऊ लागल्यास ते थोपवण्यासाठी. त्याच कल्पनेतून पुढे घडलेल्या टेप्लिझुमॅब या औषधाला 2022 मध्ये टाइप 1 मधुमेह लांबवण्यासाठी मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती, तीत आजाराची सुरुवात सुमारे दोन वर्षांनी पुढे गेली. एखाद्या मुलाला इन्सुलिनविना मिळालेली दोन वर्षे किती मोलाची असतात, हे त्याच्या आईवडिलांनाच ठाऊक.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते सुरुवात प्रत्यारोपणाच्या बाजूने करावी. तिथे परकी ऊती शरीरात कोणत्या दिवशी आली हे नक्की माहीत असते, त्यामुळे पहिल्या तासापासून पुढचा घटनाक्रम पाहता येतो. ऑटोइम्यून विकारात मात्र लक्षणे दिसेपर्यंत मूळ बिघाड बहुधा कधीच होऊन गेलेला असतो. प्रत्यारोपणातला हा क्रम एकदा अंगवळणी पडला की ऑटोइम्यून विकाराच्या हरवलेल्या सुरुवातीचा माग काढणे सोपे जाते. मात्र एक सावधगिरी बाळगावी: निर्जंतुक वातावरणात वाढलेल्या उंदरांत स्मृतिपेशी (आधीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या पेशी) थोड्या असतात, माणसांत त्या भरपूर असतात, म्हणून उंदरांत सहज साधलेली सहिष्णुता माणसांत अनेकदा टिकत नाही. त्यामुळे मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या रक्ताचे नमुनेही अभ्यासले जातात का, हे आवर्जून विचारावे, आणि पहिल्याच वर्षी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरील चिन्हे पाहून त्या मोजण्याचे तंत्र, स्वतःच्या हातात नीट बसवून घ्यावी.